जुन्या नकाशांतून गाव कसे वाचावे? (मोहर्लीचा अभ्यासपाठ)



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. चांद्याच्या गोंड राजांवर पुस्तके आहेत, चंद्रपूरच्या परकोटावर लेख आहेत. परंतु ताडोब्याच्या वाटेवरील मोहर्लीचा इतिहास कोणी लिहायचा? आज मोहर्ली म्हटले की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो, जिप्सीगाड्यांची रांग आठवते, जंगलाचे प्रवेशद्वार आठवते. गाव कोणाला आठवत नाही. जणू वाघ पाहणारे येऊ लागले आणि त्यांच्यासाठी हे गाव वसले!

गाव आधीचे आहे, हे गावकऱ्याला ठाऊक असते. पण ठाऊक असणे वेगळे आणि कागदावर दाखवता येणे वेगळे. जुने नकाशे हे त्या कामाचे एक साधन आहे, आणि आमच्या मते ते सर्वांत कमी वापरले गेलेले साधन आहे. आमच्या अभ्यासवर्गात आम्ही मोहर्ली परिसराचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला. त्यात जे शिकलो आणि जिथे चुकलो, ते या पाठात मांडत आहोत. इतर गावांच्या विद्यार्थ्यांनी मोहर्लीच्या जागी आपल्या गावाचे नाव घालून वाचावे.

हा खटाटोप कशासाठी?

हौसेसाठी नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्याचे पूर्ण नावच 'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी' असे सुरू होते. या कायद्याखाली वनजमिनीवर वैयक्तिक दावा करायचा, तर जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असावी लागते. अनुसूचित जमातीच्या दावेदाराला एवढे पुरते. परंतु जंगलालगतच्या गावांत जे बौद्ध, ढिवर, कुणबी, तेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, ती 'इतर पारंपरिक वननिवासी' या सदरात येतात. त्यांना त्याच तारखेच्या मागे तीन पिढ्यांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि एक पिढी म्हणजे २५ वर्षे असे कायद्यानेच ठरवले आहे. हिशेब करा : ७५ वर्षे मागे गेले की १३ डिसेंबर १९३० ही तारीख येते. थोडक्यात, आजोबा-पणजोबांच्या काळातील कागद आणा!

आता ज्याचा आजोबा दुसऱ्याच्या शेतावर राबला, ज्याच्या नावे सात-बारा कधी झालाच नाही, त्याने कागद आणावा कोठून? कायद्याच्या नियमांत (२००८, नियम १३) पुराव्यांची यादी आहे. तीत गॅझेटिअर, जनगणना, सर्वेक्षण व जमाबंदीचे अहवाल आणि नकाशे यांचा समावेश आहे. दावेदार सोडून गावातील अन्य वडीलधाऱ्या व्यक्तीने सांगून लिहून घेतलेले निवेदनही त्याच यादीत आहे. मात्र एकच पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक लागतात. म्हणून नकाशा आणि माणसाची आठवण या दोन गोष्टी एकमेकींना जोडता आल्या पाहिजेत. आमच्या पाठाचा हेतू तोच आहे.

पत्रक कसे शोधावे?

आपल्या देशाचे स्थलदर्शक नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. हा विभाग १७६७ साली स्थापन झाला. त्याच्या इतिहासातील एक मोठे पान आपल्या विदर्भात आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. त्रिकोणमितीने सारा देश मोजण्याचे काम १८०२ मध्ये ज्यांनी सुरू केले, ते विल्यम लॅम्बटन मोजणी करीत करीत उत्तरेकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावले. त्यांची समाधी तेथेच आहे. सहल काढायचीच असेल तर ही जागाही पाहण्यासारखी आहे. असो.

या विभागाच्या पत्रकांना क्रमांक असतात. क्रमांक पाठ करण्याची गरज नाही, तो काढता येतो. ५५ क्रमांकाचे मोठे पत्रक पूर्व रेखांश ७६ ते ८० आणि उत्तर अक्षांश २० ते २४ एवढा प्रदेश दाखवते. त्याचे एकेका अंशाचे सोळा चौकोन करतात आणि त्यांना इंग्रजी अक्षरे देतात. सुरुवात डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून होते, एक स्तंभ खालपर्यंत संपला की पुढचा स्तंभ. अशाने उजवीकडचा सर्वांत खालचा चौकोन 'पी' ठरतो. मग त्या 'पी' चेही तसेच सोळा भाग, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. मोहर्ली ७९ अंश १५ मिनिटे आणि ७९ अंश ३० मिनिटे या रेखांशांच्या मध्ये व २० अंशांच्या थोडी वर येते. म्हणजे दुसरा स्तंभ, शेवटचा चौकोन. आठवा. पत्रक झाले ५५ पी/८.

येथे एक गंमत आहे. चंद्रपूर शहर २० अंशांच्या किंचित खाली आहे. त्यामुळे ते या पत्रकात नाहीच. ते ५६ एम/५ मध्ये आहे. मोहर्लीचा बाजारहाट, दवाखाना, कॉलेज सगळे चंद्रपूरला, पण नकाशाच्या हिशेबात दोघे वेगवेगळ्या कागदांवर. म्हणून मोहर्लीचा रस्ता अभ्यासायचा तर दोन्ही पत्रके मागवून कडेला कड जुळवावी लागते. विद्यार्थी पहिल्यांदा येथेच गोंधळतात. विभागाने २००५ च्या धोरणानंतर नवी मालिका काढली असून तिच्यात क्रमांक बदलले आहेत. मागणी करताना जुना क्रमांक आणि गावाचे नाव दोन्ही लिहावे.

नावांचेही तसेच. रोमन लिपीतून गेलेले नाव परत मराठीत येताना वाकडे होते. आमचे मोहर्ली कोठे 'मोहुर्ली' झाले आहे, तर कोठे आणखी काही. भद्रावती जुन्या नकाशांत व पुस्तकांत भांदक म्हणून शोधावी. चंद्रपूर हे नाव १९६४ पासूनचे, त्याआधी सर्वत्र चांदा. एका शब्दलेखनावर अडून 'आमचे गाव नकाशात नाही' असे म्हणू नये.

साल कोणते धरावे?

सर्वांत मोठी चूक आमच्याच हातून येथे झाली, ती लपवत नाही. एका पत्रकाच्या खाली छापल्याचे वर्ष होते. पत्रकात मोहर्लीच्या पश्चिमेला फक्त नदी, तलाव नाही. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने मुलांना सांगितले, ''पाहा, या वर्षापर्यंत येथे तलाव नव्हता.'' मागे एक आजी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ''असं कसं जी? त्या साली त माहा लहान पोरगा तलावातच पोहाले शिकला.'' वर्ग हसला. समास पुन्हा वाचला तेव्हा उलगडा झाला. मोजणीचे वर्ष वेगळे होते, छपाईचे वेगळे, आणि मधल्या काळात धरण भरले होते. नकाशा मोजणीच्या दिवसाचे सांगतो, छापण्याच्या दिवसाचे नव्हे. तेव्हापासून आम्ही नकाशा उघडला की आधी समास वाचतो, मग गाव.

दोन पत्रके शेजारी ठेवल्यावर

जुनी पत्रके एक इंचास एक मैल या प्रमाणाची, नवी १:५०,००० ची. नव्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. जुन्यात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ६३४ मीटर. म्हणून पट्टीने मोजलेले अंतर तसेच्या तसे ताडून पाहू नये. क्षेत्रफळाचा फरक तर आणखी वाढतो. नव्या पत्रकातील एक चौरस सेंटिमीटर २५ हेक्टरांचा, तर जुन्यातील सुमारे ४० हेक्टरांचा. आलेखाचा पारदर्शक कागद ठेवून चौकोन मोजले की इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यालाही इरईच्या जलाशयाचे क्षेत्र काढता येते.

हा जलाशय म्हणजे मोहर्लीच्या बदलाची पहिली ठळक खूण. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राला पाणी हवे होते. हे केंद्र १९८४ मध्ये राष्ट्रार्पण झाले. त्यासाठी १९८० च्या दशकाच्या आरंभी इरई नदीवर धरण झाले. त्याआधीच्या मोजणीच्या पत्रकात इरई ही दक्षिणेकडे चंद्रपूरच्या दिशेने वाहत जाऊन पुढे वर्धा नदीला मिळणारी नदी आहे. नंतरच्या पत्रकात तिच्या जागी निळा विस्तार दिसतो. ट्रेसिंग कागदावर जुनी नदी काढून तो नव्या पत्रकावर, प्रमाण जुळवून, ठेवा. त्या निळ्या रंगाखाली काय काय गेले, हे एकेक करून लिहा : पिवळ्या रंगाची शेते, तुटक रेषेच्या गाडीवाटा, विहिरी, बोड्या. आजी सांगत होत्या, ''तवा नदी होती. उन्हाळ्यात त आमी चालतच जावो पलीकडं.'' ती पलीकडे जाणारी वाट जुन्या पत्रकात शोधणे हा उत्तम गृहपाठ आहे. पूर्वी चालत गाठता येणाऱ्या गावाला आता किती किलोमीटरचा वळसा पडतो, तेही मोजावे. पायवाट बुडाली की सोयरीक, बाजार, रोजगार या साऱ्यांची दिशा बदलते. ती नकाशावर दिसत नाही, विचारून घ्यावी लागते.

दुसरी खूण रेषांची आहे, आणि ती आम्हांस पाण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. ताडोब्यात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली. १९५५ मध्ये सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले. १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. २०१० मध्ये त्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र आखले गेले, आणि मोहर्ली व आसपासची गावे त्याच्या हिशेबात आली. प्रत्येक वेळी नकाशावर नवी रेषा आली. जमिनीवर पाहाल तर झाड तेच, नाला तोच, धुरा तोच. पण रेषेच्या आत मोहफूल वेचणे, गुरे चारणे, सरपण आणणे यांचे नियम वेगळे आणि बाहेर वेगळे. धरणाच्या पाण्याने बदल घडवला तो डोळ्यांना दिसला. रेषेने घडवलेला बदल नकाशे लावून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

याच ओघात काही गावे जंगलाच्या आतून बाहेर आली. बोटेझरीचे पुनर्वसन २००७ मध्ये झाले, नवेगावचे २०१३ मध्ये, जामणीचे २०१४ मध्ये. जुन्या पत्रकात जेथे लाल ठिपक्यांची वस्ती आणि भोवती पिवळी शेती आहे, तेथे आज गवती कुरण आहे आणि पर्यटक वाघाची वाट पाहत उभे असतात. महसुलाच्या भाषेत ओसाड गावाला 'रिठी' म्हणतात, 'बेचिराख' असाही शब्द आहे. विदर्भात अशी रिठी गावे जुन्या काळापासून पुष्कळ आहेत. दुष्काळाने, रोगाने, तापाने गावे उठत असत. परंतु सरकारी योजनेने उठलेले गाव आणि तापाने उठलेले गाव नकाशावर सारखेच दिसते. फरक सांगायला कागद आणि माणूस लागतो. जे कुटुंब उठून गेले, त्यांच्या नातवंडांनी तरी जुने पत्रक पाहून आपले घर कोठे होते त्यावर बोट ठेवावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

तालुका-जिल्ह्यांच्या सीमांकडेही लक्ष असू द्या. १९०९ च्या चांदा गॅझेटिअरमध्ये भद्रावती तालुका शोधाल तर सापडणार नाही. त्या वेळी चांदा, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, सिरोंचा एवढ्याच तहसिली होत्या. राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो आपल्या जिल्ह्यात १९५९ मध्ये आला. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. म्हणून 'जिल्ह्यात जंगल वाढले' किंवा 'कमी झाले' असे आकडे पाहताना कोणता जिल्हा, हे आधी विचारावे.

नकाशात काय येत नाही?

मोठ्या प्रमाणावरची पत्रके वस्ती दाखवतात, पण वस्तीत कोण कोठे राहत होते ते दाखवत नाहीत. गावठाण एक लाल पुंजका असतो. त्या पुंजक्यापासून थोडा सुटलेला दुसरा लहान पुंजका दिसला, तर तो बहुधा टोली असतो, आणि पुष्कळदा तीच आपली जुनी वस्ती असते. नकाशा काढणाऱ्याने तिला वेगळे नाव दिलेच असेल असे नाही. आज तेथे भीमनगर किंवा बुद्ध विहार असेल, तर त्याची जागा जुन्या पत्रकावर टाकून पाहा. विहीर कोणाच्या बाजूला आहे, पांदण कोणत्या घरांसमोरून जाते, तलावाची पाळ कोठून सुरू होते, हे पाहिले की गावाची जुनी व्यवस्था न बोलता समोर येते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मराठी मुलखात गावाच्या शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. शीव चालून दाखवणारा तोच असे, कारण गावाची राखण, टपाल पोहोचवणे, सरकारी माणसाला वाट दाखवणे ही कामे त्याच्याच माथी होती. नकाशाच्या समासात साहेबांची नावे छापलेली असतात. शीव कोठून कोठे जाते हे ज्यांनी उन्हातान्हात चालून दाखवले, त्यांची नावे तेथे नाहीत. ज्यांच्या पायांनी गावाची हद्द ठरली, त्यांच्याच नातवंडांना आज ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो! हे वाचून राग येणे स्वाभाविक आहे. परंतु राग फायलीला जोडता येत नाही, नक्कल जोडता येते. म्हणून पुढच्या कामाकडे वळू.

गावनकाशा आणि पंजी

स्थलदर्शक पत्रक गाव होते एवढेच सिद्ध करते. तुमचे कुटुंब तेथे होते, हे त्यातून निघत नाही. त्यासाठी खाली उतरावे लागते. मध्य प्रांतातील जुने गावनकाशे बहुधा एक मैलास सोळा इंच अशा मोठ्या प्रमाणाचे आहेत, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे सुमारे चाळीस मीटर. त्यात खसरा क्रमांक, नाले, बोड्या, पांदण, स्मशान, गावठाण असे सर्व येते. नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते. आजचे गावनकाशे 'महाभूनकाशा' या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतात, पण जुन्या मोजणीच्या नकाशाची प्रमाणित नक्कल ती वेगळी. दाव्यासाठी तीच मागावी.

मग निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाला कोणत्या जंगलातून सरपण, चराई, लाकूड घेण्याची वहिवाट होती, ते यांत लिहिलेले असते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्याआधीचे आणि नंतरचे कागद वेगवेगळे मागावे लागतात. कुटुंबाच्या वास्तव्यासाठी कोतवाल पंजी, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, ही दोन आमच्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरली. कोतवाल पंजीत आजोबांच्या जन्माची १९३० पूर्वीची नोंद सापडली आणि त्याच गावाचे नाव त्या काळातील पत्रकात दिसले, की दोन पुरावे एकमेकांना धरून उभे राहतात. तिसरे वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन.

सामूहिक हक्कांसाठी तर गावाने स्वतःच नकाशा काढावा लागतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो देशातील पहिल्या काही गावांपैकी. ग्रामसभेने आपली पारंपरिक हद्द स्वतः सांगणे हा त्या कामाचा कणा असतो. सामूहिक दाव्यात बौद्ध, गोंड, कुणबी असा भेद राहत नाही, दावा गावाचा असतो. वैयक्तिक दाव्यांत अडकलेल्या आपल्या बांधवांनी याचा विचार अवश्य करावा.

उपग्रहाची छायाचित्रेही हाताशी घ्यावीत. लँडसॅटची छायाचित्रे १९७२ पासूनची आहेत, इस्रोचे 'भुवन' २००९ पासून आहे. इरई धरणाआधीचे आणि नंतरचे पाणी त्यांत स्वच्छ दिसते. परंतु सुरुवातीच्या छायाचित्रांतील एकेक ठिपका सुमारे ८० मीटरचा असल्याने त्यांत घर शोधू नये. आणि १९३० चा प्रश्न उपग्रह सोडवू शकत नाही. तेथे जुना कागदच लागतो.

विद्यार्थ्यांनी ट्रेसिंग पूर्ण झाल्यावर त्याच्या खाली पुढील गोष्टी लिहाव्यात : पत्रकाचा क्रमांक, मोजणीचे वर्ष, छपाईचे वर्ष, प्रमाण, ट्रेसिंग करणाऱ्याचे नाव व तारीख. ज्या आजी-आजोबांनी वाट, विहीर, जुनी टोली दाखवली त्यांचेही नाव, त्यांची परवानगी घेऊन, पूर्ण लिहावे. एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी, एक वनहक्क समितीकडे, आणि एक विहाराच्या ग्रंथालयात गुंडाळून न ठेवता सपाट ठेवावी. गुंडाळलेला कागद घडीवर फाटतो, आणि नेमके गाव घडीवरच असते.